पन्नास नंबरचा डबा

घनसावंगीहून गोदाकाठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जो साखर कारखाना आहे, तिथे सोमेश्वर सोळा वर्षं कॉम्प्युटर सांभाळत होता. लागला तेव्हा तो हजेरी लिहिणारा कारकून होता. कारखान्यात पहिले तीन कॉम्प्युटर आले आणि ते खोक्यातून बाहेर काढायलाही कुणी तयार होईना, म्हणून यानेच काढले. मग सहा महिने रोज एसटीने परतूरला जाऊन एका क्लासमध्ये शिकला. बाकीचं बिघडवून बिघडवून शिकला. पुढे वजनकाट्यावर, शेतकी विभागात, भांडारात, ऊस जिथून आत जातो त्या गव्हाणीवर, सगळीकडे त्याने स्वतः शिडीवर चढून तारा ओढल्या. कुठल्या भिंतीत कुठलं भोक आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

यंदाच्या हंगामाआधी कारखान्याने नवा सर्व्हर घ्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी अर्पिता आली.

सत्तावीस वर्षांची, भोकरदनजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. संभाजीनगरला इंजिनिअर झालेली आणि पुण्यात चार वर्षं नोकरी करून आलेली. ती मूळची पुण्याचीच असती तर सोमेश्वरला सोपं गेलं असतं. शहरातल्या माणसाला आपलं काय कळतंय, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. पण ही त्याच्यासारखीच बोलायची, डबा उघडून भाकरी आणि ठेचा खायची, गव्हाणीच्या लोखंडी जिन्यावरून न धरता उतरायची. त्याला ‘सर’ म्हणायची, आणि तेही मनापासून. त्यामुळे तिच्यावर रागवायला काही कारण सापडत नव्हतं, आणि कारण सापडत नाही म्हणून राग जास्तच येत होता.

सर्व्हरच्या खोलीची किल्ली तिच्याकडे गेली. एमडी साहेबांच्या सोमवारच्या बैठकीला पूर्वी सोमेश्वर जायचा, आता दोघं जायचे आणि साहेब बघायचे तिच्याकडे. हेही त्याने गिळलं असतं. पण दिवाळीनंतर एके दिवशी त्याची बायको ज्योत्स्ना जेवताना म्हणाली, “माझ्या मोबाइलमधले गेलेले सगळे फोटो आले बरं का परत. त्या अर्पिताने काढून दिले. कॉलनीत हळदीकुंकवाला आल्ती. दहा मिनिटं न्हाई लागले.”

ते फोटो आणून देतो असं सोमेश्वर तीन महिने म्हणत होता.

“लई हुशार पोरगी हाय,” ज्योत्स्ना म्हणाली.

“असंल की,” तो म्हणाला आणि ताटातला भात तसाच टाकून उठला.

मत्सर हा शब्द त्याच्या मनात कधी आला नाही. त्याला वाटायचं आपल्याला ॲसिडिटी झालीय. तिचं हसणं कॉरिडॉरमधून ऐकू आलं की छातीखाली जळजळायचं, आणि तो खिशातली गोळी चघळायचा.

ऑक्टोबरात, सर्व्हर बसवण्याआधी, तिने त्याच्याकडे एक यादी मागितली होती. नेटवर्कमधल्या प्रत्येक यंत्राला एक नंबर द्यावा लागतो, घराला घर नंबर असतो तसा. एक नंबर दोघांना दिला तर निरोप कुणाच्या दारात जाईल याचा नेम नाही. “सर, कोणते नंबर कशाला दिलेत तेवढं सांगा, म्हंजे मी सर्व्हरला मोकळा नंबर घेते,” ती म्हणाली. त्याची सोळा वर्षांची वही कपाटात होती. ती वही तिच्या हातात देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने एका कागदावर तेव्हा चालू असलेल्या यंत्रांचे नंबर टाइप करून दिले. बंद पडलेली यंत्रं त्यात घातली नाहीत. मुद्दाम असं काही नव्हतं. जेवढं मागितलं तेवढं दिलं, असं त्याने स्वतःला सांगितलं. अर्पिताने सर्व्हरला पन्नास नंबर घेतला.

जानेवारीतला मंगळवार होता. सकाळी साडेआठला सोमेश्वर कॅन्टीनसमोर चहा पीत उभा असताना इलेक्ट्रिशियन रामप्रसाद हात पुसत आला.

“भाऊ, गव्हाणीवरचा तुमचा तो कॅमेऱ्याचा डबा चालू करून आलो आत्ताच. दोन वर्षं मरून पडल्ता. निस्तं अडॅप्टर गेल्तं त्याचं. नवं बसविलं, लगेच लाइट आली.”

“बरं केलं,” सोमेश्वर म्हणाला. त्याच्या डोक्यात काहीच आलं नाही.

पावणेनऊला वजनकाट्यावरच्या केदारचा फोन आला. स्क्रीनवर सर्व्हर सापडत नाही म्हणून येत होतं. काट्यावर उसाची गाडी उभी राहिली की शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, तोडणीची तारीख हे सगळं सर्व्हरवरून यायचं आणि मगच पावती निघायची. हाताने पावती फाडायची पद्धत दोन वर्षांपूर्वी भांडणं झाली म्हणून संचालक मंडळाने बंद केली होती. सर्व्हर नाही तर वजन नाही, आणि वजन नाही तर ऊस आत नाही.

अर्पिताने सर्व्हरच्या खोलीत जाऊन सर्व्हिस, म्हणजे सर्व्हरवरचा काट्याचा प्रोग्राम, बंद करून परत चालू केली. काटा चालू झाला. चार ट्रॅक्टर गेले आणि पुन्हा बंद. तिने अख्खा सर्व्हर बंद करून चालू केला. सहा ट्रॅक्टर गेले, पुन्हा बंद.

“सर, चला ना माझ्यासोबत काट्यावर,” ती म्हणाली.

काट्याच्या केबिनमध्ये ती केदारच्या खुर्चीत बसली. सोमेश्वर मागे उभा राहिला. खिडकीबाहेर ट्रॅक्टरची रांग फाटकापर्यंत गेली होती. तिने तार काढून दुसरी लावली. भिंतीवरचा स्विच बदलला. मग काळ्या स्क्रीनवर आदेश टाइप करून सर्व्हरला हाक मारली. हाकेला लगेच उत्तर आलं, एकापाठोपाठ एक, चार ओळी.

“उत्तर तर येऊन राह्यलंय,” ती स्वतःशीच म्हणाली. “सर्व्हर जित्ता हाय, तार चांगली हाय. मंग सर्व्हिस का उघडत न्हाई? नकार का येतोय?”

सोमेश्वरने त्या चार ओळी वाचल्या. प्रत्येक ओळीत तो नंबर होता. पन्नास.

त्याच क्षणी त्याला सगळं कळलं. गव्हाणीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला त्याने स्वतः हाच नंबर दिला होता, चार हंगामांपूर्वी, मार्करने डब्यावर लिहूनसुद्धा ठेवला होता. उत्तर सर्व्हर देतच नव्हता. तो डबा देत होता. हाक त्याला ऐकू जात होती, पण उसाचा हिशेब त्याच्याकडे कुठला? म्हणून तो नकार देत होता. सर्व्हर नव्याने चालू केला की थोडा वेळ काट्याला खरं दार सापडायचं, मग पुन्हा डबा मध्ये यायचा.

डब्याची पिन काढायची. एवढंच काम होतं.

“सर, तुम्हाला काय वाटून राह्यलं?” अर्पिताने मान वळवून विचारलं. तिच्या कपाळावर घाम होता.

पुढे अनेक दिवस त्याला तो क्षण आठवत राहिला. तोंड उघडलं होतं. जिभेवर ‘गव्हाण’ हा शब्द आला होता. आणि त्याच्या जागी दुसरंच बाहेर पडलं.

“सर्व्हर नवा हाय,” तो म्हणाला. “त्याच्यातच काहीतरी असंल.”

अर्पिता सर्व्हरच्या खोलीकडे पळाली. सोमेश्वर सावकाश तिच्या मागून गेला. त्याला वाटलं, तासभर होऊ दे. तासाभराने आपण सांगू. तासभर तिला कळू दे की सगळंच दहा मिनिटांत होत नसतं.

दहा वाजता ती सर्व्हरच्या नोंदी वाचत होती. नोंदींमध्ये काहीच चूक नव्हती, कारण सर्व्हरची काहीच चूक नव्हती. तिने फायरवॉल, म्हणजे सर्व्हरची सुरक्षेची भिंत, तपासली, मग ती थोडा वेळ पूर्ण बंद करून पाहिली. सर्व्हर विकणाऱ्या कंपनीला फोन केला. तिकडच्या माणसाने वीस मिनिटं गाणं ऐकवलं आणि शेवटी सगळं पुसून नव्याने टाका म्हणाला. सोमेश्वर तिला लागेल ती तार देत होता, टेस्टर धरत होता, पाण्याची बाटली आणून देत होता. इतकी मदत त्याने तिला तीन महिन्यांत केली नव्हती.

अकराला एमडी साहेब आले. साहेब जालन्याचे, कधी आवाज न चढवणारे. आजही चढवला नाही.

“मॅडम, दीडशे गाड्या उभ्या आहेत. गव्हाणीत दोन तासांचा ऊस उरलाय. मिल थांबली तर पुन्हा चालू करायला किती वेळ जातो, तुम्हाला कल्पना आहे?”

“हो सर. बघतेय सर.”

“बघताय ते दिसतंय.”

साहेब जायला वळले आणि दारात सोमेश्वरपाशी थांबले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सोमेश्वर, तुमच्या वेळी असं कधी झालं नव्हतं बुवा.”

हे वाक्य अर्पितालाही ऐकू गेलं. तिने मान वर केली नाही, पण कीबोर्डवरची बोटं थांबली. सोमेश्वरच्या अंगातून गरम दुधासारखं काहीतरी खाली उतरलं. तीन महिने तो हेच ऐकायला थांबला होता. छातीखालची जळजळ नव्हती. आता लगेच सांगितलं तर हे वाक्य फुकट जाईल, असं त्याला वाटलं. तिने स्वतःच येऊन हात टेकावेत, ‘सर, माझ्याच्यानं न्हाई होत’ म्हणावं, मग आपण उठावं, जिना चढून जावं आणि एक पिन काढून यावं. साहेबांच्या समोर. हे चित्र त्याने इतक्या वेळा मनात बघितलं की ते घडूनच गेल्यासारखं वाटायला लागलं.

पण तिने हात टेकले नाहीत. साडेबारा झाले तरी ती खोलीतून सारखी आत-बाहेर करत होती, आणि त्याला तिथे बसवेना. तो बाहेर पडून रांगेकडे गेला.

ट्रॅक्टरवाले सावलीत पत्ते खेळत होते. त्यांचं काही बिघडत नव्हतं, इंजिन बंद करून बसले होते. रांगेच्या दुसऱ्या बाजूला ऊसतोड करणाऱ्यांच्या बैलगाड्या होत्या. बैलगाडीचं तसं नसतं. भरलेली गाडी बैलांच्या मानेवर असते. पहाटेपासून जुंपलेले बैल उन्हात उभे होते, तोंडाला फेस आलेला. एका गाडीजवळ एक बाई बैलाच्या मानेवर ओलं पोतं टाकत होती आणि तिचा नवरा जुवाखाली लाकडाचा टेकू लावायची खटपट करत होता.

टेकू नीट बसण्याआधीच डावीकडचा बैल पुढच्या गुडघ्यांवर खाली आला. गाडी एका बाजूला झुकली, वरच्या मोळ्या घसरल्या. बाई ओरडली नाही, तिने सरळ जुवाला खांदा लावला. सोमेश्वर धावला. आणखी चार-पाच जण आले. सगळ्यांनी मिळून जू उचलून धरलं, तेव्हा कुठे तो बैल थरथरत उभा राहिला. त्याच्या मानेवर जुवाखाली सालटं निघालं होतं.

नवऱ्याचं नाव पुंजाराम, बाईचं सगुणाबाई. बदनापूरकडची होती दोघं. पुंजाराम मोळ्या उचलायला लागला. सगुणाबाईने सोमेश्वरच्या गळ्यातलं ओळखपत्र बघितलं.

“सायेब, तुम्ही ऑफिसातले का?”

“हो.”

“मंग एवढं सांगा. यंत्राला काय झालं ते नका सांगू, आम्हाला काय कळणार. आम्ही सकाळी सहाला आल्तो. आता बैल सोडू का नको? सोडले तर गाडी रस्त्यात आडवी होती, नंबर जातो अन् पुन्हा शेवटाला उभं राहावं लागतंय. न्हाई सोडले तर ह्याचं काही खरं न्हाई. कधीपर्यंत व्हईल, तेवढं बराबर सांगा. म्हंजे तसं करते.”

तिने हे रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच उत्तर हवं होतं. सोमेश्वरने आजूबाजूला बघितलं. एवढ्या मोठ्या कारखान्यात, साहेबापासून शिपायापर्यंत, या प्रश्नाचं उत्तर माहीत असलेला माणूस तो एकटाच होता. आणि ते त्याला सकाळी साडेनऊपासून माहीत होतं.

“सोडू नका,” तो म्हणाला. “पाच मिनिटांत व्हतंय.”

“नक्की?”

“नक्की.”

तो गव्हाणीकडे धावतच निघाला. आता साहेबांसमोर वगैरे काही नको होतं, फक्त ती पिन काढायची होती. कुणाला कळायच्या आत काढायची, असंही एक मन म्हणत होतं. जिना चढताना त्याला दम लागला. वरच्या केबिनचं दार उघडंच होतं.

आत अर्पिता उभी होती. एका हातात लॅपटॉप, दुसऱ्या हाताने भिंतीवरून आलेली तार धरून ती तिच्या मागोमाग कोपऱ्यातल्या फळीपर्यंत गेली होती. फळीवर तो डबा होता, हिरवी लाइट लुकलुकत. शेजारी रामप्रसाद शिडी धरून उभा होता.

“सापडलं,” ती सोमेश्वरकडे न बघता म्हणाली. “काट्यावरच्या कॉम्प्युटरला विचारलं, पन्नास नंबरचं यंत्र नक्की कोणतं. यंत्र बनवतानाच त्याला जो पक्का आकडा देतात तो त्याने सांगितला, अन् तो माझ्या सर्व्हरचा न्हाईच. दुसऱ्याच कुणाचा तरी. मंग एकेक तार काढत आले.” तिने डबा उचलून वळवला. बाजूला काळ्या मार्करने लिहिलेलं होतं, पन्नास, आणि खाली सोमेश्वरची सही.

तिने पिन काढली. हिरवी लाइट गेली.

“हा तुमचा हाय, सर?”

“हो.”

“तुमच्या यादीत न्हवता.”

“बंद होता तेव्हा.”

“भाऊ, मी तुम्हाला सकाळीच सांगितलं की चालू केला म्हणून,” रामप्रसाद बोलून गेला. बिचाऱ्याला वाटलं तो आपल्यावरचा आळ काढून टाकतोय. “चहा पिताना. साडेआठला.”

अर्पिता सोमेश्वरकडे बघत राहिली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. पलीकडून केदारचा आवाज सगळ्या केबिनभर ऐकू आला, “मॅडम, चालू झालं! पावती निघून राह्यली!” त्याच्या मागोमाग साहेबांचा फोन आला.

“जुना एक कॅमेऱ्याचा डबा होता सर,” ती म्हणाली. “सर्व्हरचाच नंबर होता त्याला. आज चुकून चालू झाला. काढला आता… न्हाई सर, पुन्हा न्हाई होणार.”

तिने कुणाचं नाव घेतलं नाही. सोमेश्वरला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी जुनी जळजळ छातीखाली पुन्हा पेटली. हुशारी तर तिची होतीच. आता मोठेपणाही तिचाच झाला.

तो खाली उतरला. रांग हलत होती. सगुणाबाईची गाडी काट्यावर चढत होती. मागे चाललेली ती त्याला बघून थांबली आणि शेजारच्या गाडीवाल्याला म्हणाली, “ह्ये ते सायेब. पाच मिनिटं म्हणले अन् पाच मिनिटांत करून दाखवलं बघा. देव भलं करो तुमचं, सायेब.” पलीकडच्या गाडीवरच्या म्हाताऱ्याने हात जोडले.

लोक आपल्याला असं म्हणतात हे त्याला नेहमी आवडायचं. आज त्याला तिथे एक क्षणही उभं राहवलं नाही. गाडीला जुंपलेला, मानेला पोतं बांधलेला तो बैल लंगडत जाताना त्याने बघितला आणि तो ऑफिसकडे वळला.

अर्पिता सर्व्हरच्या खोलीत जमिनीवर पाय पसरून बसली होती. शेजारी जेवणाचा डबा उघडा, भाकरीचा एकच तुकडा मोडलेला.

“मॅडम, मला सकाळीच कळल्तं,” तो दारातूनच म्हणाला. “काट्यावर तुम्ही हाक मारली तेव्हाच. नंबर बघितला अन् कळलं.”

“रामप्रसाद बोलला तेव्हाच समजले मी. मंग का न्हाई सांगितलं?”

त्याने बरीच उत्तरं तयार केली होती. लक्षात नाही आलं, खात्री नव्हती. त्यातलं एकही त्याला आता देता आलं नाही.

“तुम्हाला सापडू नये असं वाटलं,” तो म्हणाला. “तुम्ही आल्यापासून मला कुणी इचारीना. घरात बायकोसुद्धा तुमचंच नाव घेती. एक दिवस तरी तुम्ही हरावं असं वाटलं. त्याच्यापुढं दुसरं काही दिसलं न्हाई.”

तिने भाकरीचा तुकडा डब्यात टाकून झाकण लावलं.

“सर, साडेअकराला मी बाथरूममध्ये जाऊन रडले,” ती म्हणाली. “हा सर्व्हर मी निवडल्ता. संचालक मंडळापुढं मीच म्हणले हाच घ्या. पुण्याची नोकरी सोडून आले तेव्हा माझ्या बापाने सगळ्या गावात सांगितलं, पोरगी कारखान्यात साहेब झाली म्हणून. मला वाटलं, गेलं सगळं. राजीनामा लिहायला घेतल्ता मोबाइलमध्ये. अन् तुम्ही मला पाण्याची बाटली आणून देऊन राह्यले होते.”

सोमेश्वर दारातून दोन पावलं आत आला.

“मी कॉलेजात असताना कुणी मला सांगितलं असतं ना, इथं सगळ्या तारा एकट्या माणसाने ओढल्यात, तर मला खरं वाटलं नसतं. पहिल्या दिवशी मी सगळं फिरून बघितलं अन् मला तुमचा हेवा वाटला. आपल्याला एवढं कधी कळणार म्हणून. तुम्ही वही दाखवत न्हाई, हे पण कळायचं मला.” ती उठून उभी राहिली. “मला तुमचा लई राग आलाय. उद्या पण राहील. साहेबांना मी काही सांगणार न्हाई. सांगायचं तर तुम्ही सांगा. पण उद्या सकाळी वही घेऊन या. एकेका यंत्रापाशी जाऊन, डोळ्यांनी बघून लिहायचं. चालू बी अन् बंद बी.”

सोमेश्वर त्याच संध्याकाळी, सुट्टीचा भोंगा व्हायच्या आधी, एमडी साहेबांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. नंतर म्हणाले, “सोळा वर्षांत मी तुमच्याविरुद्ध एक कागद काढलेला नाही. आता काढावा लागेल.” दुसऱ्या दिवशी मेमो आला. सोमेश्वरने तो दोनदा वाचला आणि पोचवर सही केली. आदल्या रात्री घरी ज्योत्स्नाला सांगताना मात्र सकाळच्या त्या क्षणापाशी त्याची जीभ अडखळली. ती ऐकत राहिली आणि शेवटी एवढंच म्हणाली, “त्या बैलाचं काय झालं?” ते त्याला माहीत नव्हतं.

म्हणून मेमोवर सही करून झाल्यावर तो आधी तोडकऱ्यांच्या खोपटांकडे गेला. बैल बसून वैरण खात होता, मानेला हळद लावलेली. पुंजाराम म्हणाला, आठवडाभर जुंपता येणार नाही, शेजाऱ्याचा बैल मागून घेतलाय. सगुणाबाई ऊसतोडीला फडावर गेली होती. सोमेश्वरने पुंजारामलाही खरं सांगायचं ठरवलं होतं, पण नेटवर्क, नंबर, डबा हे कुठून सुरू करावं ते त्याला सुचेना. “काल उशीर झाला तो माझ्यामुळं झाला,” एवढंच तो म्हणाला. पुंजारामने मान हलवली, जणू साहेब लोक असं बोलतातच, आणि बैलापुढे उसाच्या हिरव्या वाढ्याची आणखी एक पेंढी टाकली.

वही घेऊन दोघं दोन दिवस कारखाना फिरले. अर्पिता पुढे, तो मागे. कामापुरतं बोलायची, ‘सर’ म्हणायची, पण पूर्वीसारखं हसून नाही. बंद पडलेली सात यंत्रं निघाली. त्यातल्या दोन यंत्रांचे नंबर तिने आधीच दुसऱ्यांना दिलेले होते. ती भराभर लिहायची, चालता चालता, लॅपटॉप हातावर तोलून. तिचा तो वेग बघून त्याला अजूनही आत कुठेतरी टोचत होतं. पण आता ते ॲसिडिटी नाही, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते साखरेच्या गोदामामागे आले. इथे यंत्र नव्हतं, नुसती मोकळी जागा, कडेला बाभळी. अर्पिताने लॅपटॉप मिटला.

“झालं ना सर? इकडं तर काहीच न्हाई.”

सोमेश्वर उभा राहिला. त्या मोकळ्या जागेखालून एक केबल गेली होती. गोदामाची तार पावसाळ्यात वारंवार तुटायची म्हणून सात वर्षांपूर्वी त्याने दोन मजूर लावून गपचूप पुरून घेतली होती. ती वहीत नव्हती. नकाशात नव्हती. पुढच्या महिन्यात याच जागेवर नव्या शेडचा पाया खणणार होते, आणि खणताना ती तुटली तर कारखान्याचा हा सगळा भाग बंद पडणार होता. मग कुणालाही कारण सापडलं नसतं. त्याच्याशिवाय कुणालाच.

एवढ्या सगळ्यानंतरही त्याला एक क्षण मोह झाला. त्याने तो नीट ओळखला.

“थांबा,” तो म्हणाला. गोदामाच्या भिंतीपासून त्याने पावलं मोजली, अकरा, आणि टाचेने मातीत रेघ ओढली. “इथून खाली केबल हाय. थेट बाभळीपर्यंत. दोन फूट खोल. लिहा.”

अर्पिताने लॅपटॉप पुन्हा उघडला. “अकरा पावलं तुमची का माझी?”

“माझी.”

तिने स्वतः चालून बघितलं, तेरा भरली. दोन्ही आकडे लिहिले आणि बाभळीकडे चालायला लागली. तो रेघ पुढे ओढत तिच्या मागून निघाला.